केरात गेलेल्या अळ्या

प्रयोगशाळेत वीस वर्षं अळ्या पाळणारी आमची आत्या महिन्याची सुटी संपवून कामावर आली. नव्या साहेबांनी पेटीत गांधीलमाशी सोडली, अळीच्या अंगात अंडी घालणारी. ती जवळ येताच अळ्यांनी पानांवरून पटापट खाली उड्या टाकल्या. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘अकरा मेल्या’, आणि झाडू मागितला.

आत्या कडाडली, “डोळे आहेत की बटणं? जीव वाचवायला धागा सोडून उतरल्यात त्या!”

“मावशी, तुम्ही फक्त पानं बदला.”

आत्याने माशी बाहेर काढली आणि झाडू पाठीमागे धरून उभी राहिली. थोड्याच वेळात एकेक अळी धाग्यावरून वर चढली. अकराच्या अकरा.

“आता लिहा,” आत्या म्हणाली, “माझ्या सुटीत किती जिवंत केरात घातल्यात, तेही.”