नूरखाला आणि डागाचं पोतं

कुत्र्यांना नावानं हाक मारून जेवायला बसवणारी बाई मी देऊळघाटलाच पहिल्यांदा पाहिली. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं लोटली नव्हती. मुलींच्या शाळेत माझी नुकतीच नेमणूक झाली होती. भाड्याच्या खोलीचं दार उघडलं, तर समोर पावाची भट्टी, ओट्यावर उंच, हाडापेराची एक बाई आणि खाली गल्लीतली कुत्री. "मोत्या, तू सरक. राणी, तुले मंग." आणि ती खरोखरच सरकत, थांबत. ही नूरखाला. नवरा गेल्यावर भट्टी तिनंच सांभाळली होती. घरात दिराशी ती उर्दू वळणाचं बोलायची, आमच्याशी मात्र चक्क वऱ्हाडी.

लोक तिला हसत. माणसांना मिळत नाही अन् हिची कुत्री पाव खातात, म्हणत. ती पीठ मळता मळता सांगायची, "मांगणाऱ्याले नाही म्हनता येते, बाई. कुत्रं नुसतं पाह्यते. पाह्यणाऱ्याले कसं नाही म्हनाव?" मला ताप आला तेव्हा ती न बोलावता येऊन बसली होती. चहात बुडवलेला टोस्ट मी खाल्ल्याशिवाय उठली नाही. "शाळेतल्या पोरी वाट पाहून राह्यल्या, आन तुमी अशा लोळता," एवढंच म्हणाली.

थंडीचे दिवस होते. सकाळची भट्टी उतरली होती, पाव गावात गेले होते. मी शाळेला निघाले तोच मोत्या ओट्याखाली उभ्याउभ्या कोसळला. मान मागे ताठ झाली, पाय पळत असल्यासारखे हलू लागले, दात वाजू लागले, तोंडाला फेस आला. जरा वेळानं उठला, भेलकांडला आणि पुन्हा पडला. तेवढ्यात राणीलाही तसाच झटका आला, मग आणखी एका कुत्र्याला. कुत्री पिसाळली, अशी हाकाटी झाली आणि माणसं काठ्या घेऊन आली. नूरखाला खाली बसून मोत्याच्या डोक्याखाली पोत्याची घडी सारत होती. मान वर न करता म्हणाली, "डॉक्टर येईलोक कोनी हात लावू नोका."

एकानं सायकलवर जाऊन बुलढाण्याहून ढोरांचे डॉक्टर आणले. त्यांनी कुत्र्यांना लांबूनच नीट न्याहाळलं आणि राणीला आणि त्या तिसऱ्या कुत्र्याला इंजेक्शन दिलं. मोत्या तोवर गेला होता.

"पिसाळलेली कुत्री अशी एकाच वेळी, एकाच ओट्याखाली पडत नाहीत," ते म्हणाले. "यांच्या पोटात काहीतरी गेलं आहे. काय खाल्लं होतं यांनी?"

"उकिरड्यावरचं काई असंन," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांना ते पटलं. गोष्ट तिथंच मिटली असती.

"उकिरड्यावरचं नाही," नूरखाला म्हणाली. "माह्या हातचं खाल्लं."

तिनं डॉक्टरांना आत नेऊन मैद्याचं पोतं दाखवलं. त्याच्या एका बाजूला डाग होता. तिथला मैदा ढेकळं होऊन बसला होता. तिला घासलेट सांडल्यासारखं वाटलं. माणसांना तो कसा द्यायचा, म्हणून तेवढा मैदा वेगळा काढून तिनं कुत्र्यांना रोट्या करून घातल्या होत्या. डॉक्टरांनी वास घेतला. पोतं कशातून आलं, असं विचारलं. ज्या ट्रकमधून आलं त्यात पिकावर फवारायच्या औषधाचे डबेही होते, हे तिला आठवलं.

"तेच असावं," डॉक्टर म्हणाले. "पण खात्रीनं आज सांगता येणार नाही. मैदा तपासायला पाठवावा लागेल."

त्याच पोत्यातल्या चांगल्या दिसणाऱ्या मैद्याचे पाव त्या सकाळी गावात गेले होते. दिरानं तिला बाजूला घेतलं. "भाभी, चुप रहो. किसीको कुछ हुआ क्या? भट्टी बैठ जायेगी."

नूरखालानं सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "कुत्र्यायनं सांगतलं. मानसानं सांगाची वाट काऊन पाहू?"

तिनं भट्टीला कुलूप घातलं आणि दारोदार निघाली. मी तिच्याबरोबर गेले. प्रत्येक उंबऱ्याशी तेच वाक्य, "माह्यावाला पाव खाऊ नोका, त्यात जहर असंन." कोणी हसलं, कोणी घाबरलं, एकीनं पाव तिच्या अंगावर फेकला. तो उचलून तिनं पिशवीत टाकला आणि पुढच्या दाराशी गेली. स्वतःचं नाव, स्वतःच्या तोंडानं, असं गावभर घालवताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही.

गावाच्या टोकाला एका माळ्याच्या घरी लहान मुलगी चहापाव खाऊन निजली होती. डोकं गरगरतंय म्हणत होती आणि आई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या तयारीत होती. नूरखालानं मुलीला उचललं आणि थेट एस.टी. गाठली. आई आणि मी मागे धावलो. बुलढाण्याच्या वाटेवर मुलीला झटका आला. पण काय खाल्लं हे दवाखान्यात पोचताच सांगता आलं, म्हणून डॉक्टरांचा वेळ गेला नाही. संध्याकाळी मुलीनं पाणी मागितलं. तेव्हा कुठे नूरखाला भिंतीला टेकून बसली.

मैद्यात फवारणीचंच औषध होतं, हे उत्तर यायला उन्हाळा उजाडला. त्या उत्तरासाठी ती थांबली असती तर, हा विचार आजही मनात आला की अंगावर काटा येतो.

भट्टी पुष्कळ दिवस थंड होती. पुन्हा पेटवली तेव्हा पाव घ्यायला कोणी पुढे येईना. तिनं कोणाला बोलावलंही नाही. नव्या पोत्याचा पहिला पाव मोडून तिनं ओट्यावर बसून सगळ्यांदेखत खाल्ला. दुपारपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग विकायला पावाच्या पाट्या बाहेर काढल्या. हळूहळू गिऱ्हाईक परतलं. पण प्रत्येक नव्या पोत्याला तिचा हा नेम चालूच राहिला. वासाची, डागाची शंका असो वा नसो.

माझी चिखलीला बदली झाली त्या दिवशीही ती अशीच पाव खाऊन बसली होती. त्या झटक्यातून वाचलेली राणी तिच्या पायाशी उपाशीच वाट पाहत होती. मी म्हटलं, "खाला, आता काऊन हा धोका घेता? लोक तर आधी कुत्र्यालाच घालून पाहतात."

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"तिले इचारता येते काय, बाई, खाते का म्हनून?" ती म्हणाली. "मी मले इचारून खाते."