चिंचेच्या सालीवरचे ठिपके

मंडळी, आज दुपारपासून कशात मन लागत नाही.

मी अंबाजोगाईला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सकाळी तेलगावला दादाकडं गेलते. त्याची वीटभट्टी आहे. त्याच्या लेकीला, चिऊला लई दमा आहे. धुळीनं होतो, म्हणतो तो.

मी त्याला निजामाच्या काळात लावलेल्या रस्त्याकडेच्या चिंचा दाखवायला नेलं. लांबच्या झाडांवर राखाडी-हिरवे ठिपके होते. मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद, धूर वाढला की मरतात. भट्टीजवळच्या झाडांच्या साली मात्र कोऱ्या होत्या.

"तिचा दमा भट्टीच्या धुरानं हाय, हे एवढ्यावरून पक्कं न्हाई सांगता यायचं," मी म्हणाले, "पण हवा तपासून घे. तोवर चिऊला माझ्याकडं पाठव."

दादा बराच वेळ सालीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तिला तू नेशील गं. भट्टीवरल्या माणसांची लेकरं हितंच ऱ्हातेत. त्यांचं काय?"

रचून तयार असलेली भट्टी आज त्यानं पेटवली नाही. पण ती बंद राहिली तर त्याच माणसांचं काम जाईल.

कमी धुराची भट्टी तुमच्यापैकी कुणी बांधली आहे का? दादाला घेऊन बघायला येते.