दोनशे चिंबोऱ्या

लोकांना ध्येयं लावून देणं हे रिद्धीचं काम होतं, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. स्वतःचं स्कूटरचं शिकाऊ लायसन तिनं दोनदा काढलं आणि दोन्ही वेळा मुदत संपेपर्यंत पर्समध्ये ठेवलं, ही गोष्ट वेगळी. सालवडच्या घरात लॅपटॉपसमोर बसून ती पुण्याच्या एका छोट्या कंपनीचा ऑनलाइन गेम रचायची. त्या गेममध्ये एक बेट होतं. हजारो लोक आपापल्या फोनवरून तिथं एकाच वेळी कोळी, सुतार, नावाडी होऊन वावरत आणि कामं करत एकेक लेव्हल चढत.

बाविसाव्या लेव्हलला मात्र गाडं अडत होतं. तिथवर हौसेनं आलेली माणसं तिथूनच गेम सोडून जात. पुढं जायला दोनशे चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायच्या, असं रिद्धीनं ठेवलं होतं. तिनं बक्षीस वाढवलं, चांदीची होडी देऊ केली. तरी गळती थांबेना.

घरात नलूआत्या होती. तीस वर्षं बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकून, गुडघ्यांनी हात टेकल्यावर ती भाचीकडं राहायला आली होती. पोरगी दिवसभर करते तरी काय, हे बघायला तिनं फोनवर तो गेम घेतला. दोन दिवसांत कंटाळेल, असं रिद्धीनं धरलं होतं.

तीन आठवड्यांनी रिद्धी आकडे चाळत होती. एक खेळाडू बाविसाव्या लेव्हलला अडकूनही रोज दोन तास येत होता, आणि चिंबोरी एकही पकडत नव्हता. त्याचं नाव होतं ‘नलू सुकटवाली’.

“आत्या, तू पुढं का जात नाहीस?”

आत्या सुकट निवडत होती. “दोनशे चिंबोऱ्या कशाला गो? जेवायला कोन येनार हाय?”

“मग रोज करतेस काय तिथं?”

“धक्क्यावर उभी रहाते. नवीन मानसं येतात, त्यांना जालं टाकाया येत नाय. दाखवते. एक धर्मेश हाय, इथंच कुंभवलीच्या कारखान्यात कामाला. काल त्यानं पयला मासा धरला. आता तो दुसऱ्यांना दाखवतो.”

तीन वर्षांच्या मीटिंगांत हे रिद्धीला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लगेच नवी वाट आखली: चिंबोऱ्या नको असतील, तर दहा नवख्यांना शिकवा आणि होडीचे म्होरके, म्हणजे तांडेल, व्हा. तिचा साहेब धीरज म्हणाला, “आधी एकाच धक्क्यावर करून बघ.”

आठवड्यात त्या धक्क्याची रया गेली. नवखा उतरला की सहा जण त्याला घेरत. एकानं एकाच माणसाला अकरा वेळा शिकवलं. काहींनी खोटी खाती काढून स्वतःलाच शिकवलं. आत्यानं जाणं सोडलं.

“तुज्या बेटावर एजंट झालेत,” ती म्हणाली. “स्टेशनाबाहेर रिक्षावाले अंगावर येतात ना, तसे.”

“पण आकडा नको? आपण कुठवर आलो ते माणसाला दिसायला पाहिजे.” रिद्धी जरा घुश्शातच बोलली.

“दिसू दे ना. पन शिकवलं हे शिकवनाऱ्यानं सांगून कसं चालंल? शिकनारा एकट्यानं मासा घरी नेईल, तवा खरं.”

रिद्धी दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी तिनं दहाचा आकडा काढून टाकला. आता शिकवल्याबद्दल काहीच मिळणार नव्हतं. नवखा पहिल्यांदा एकट्यानं मासळी आणेल, तेव्हा त्यानं मनात येईल त्याला एक टोपली पाठवायची, आणि अशा टोपल्यांवरून तांडेल ठरायचा. खोटी खाती काढणाऱ्यांना प्रत्येक खात्यासाठी एवढी कष्टाची मासेमारी परवडेना. धक्का निवला, आत्या परत जाऊ लागली, आणि दोन महिन्यांत गळती निम्म्यावर आली. धीरजनं पुढचं अख्खं बेट रिद्धीच्या हाती दिलं.

सगळ्यात आधी तांडेल झाली ती नलूआत्या. तिच्याकडं चाळीसवर टोपल्या जमल्या होत्या. रिद्धीनं कौतुकानं सांगितलं, तर आत्यानं फोन तिच्यापुढं धरला. “हा दाढीवाला कोन?”

तांडेलाचं चित्र एकच होतं, आणि त्याला दाढी होती. चित्रं काढणाऱ्या मनीषला रिद्धीनं कळवलं, तर त्यानं विचारलं, “कोळी लुगडं नेसतात कसं?” शेवटी आत्या स्वतः व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, आणि पुण्यातला मनीष अर्धा तास काष्ट्यावरून बोलणी खात राहिला.