फ्रॉकला खिसा

घरच्या पुढच्या खोलीत मी मुलांसाठी शिवणाचा वर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्यांदा आली ती शेजारची सई. तिला म्हटलं, "आधी रुमाल शिवूया." तर म्हणाली, "काकू, मला फ्रॉकला खिसा लावायचाय. दादाच्या सगळ्या पँटींना आहेत."

मी थबकले. लहानपणी मी लिमलेटच्या गोळ्या मुठीत धरून शाळेत जायचे, त्या विरघळून हात चिकट व्हायचा. आई किल्ल्या कमरेला खोचायची. खिसा मागावा, हे आम्हा दोघींना कधी सुचलंच नाही.

सईचे टाके वाकडे पडले, पुन्हा उसवावे लागले. अखेर खिसा लागला.

"काय ठेवणार त्यात?" मी विचारलं.

"ते नाही सांगणार," ती म्हणाली आणि खिशात हात घालून ऐटीत घरी गेली.