गळाची गुढी

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही, आणि मी पूर्ण्याहून सेकंडहँड गळाची काठी विकत आणली.

खायचा प्रश्नच नव्हता. आम्ही लिंगायत; घरात कुणी नुसतं अंड्याचं नाव काढलं तरी बायको उदबत्ती लावते. पण शाळेतून रिटायर झाल्यावर माझं बीपी चढायला लागलं आणि डॉक्टर म्हणाले, नदीवर जाऊन शांत बसत जा. नुसतं बसून काय करायचं? तेवढ्यात कळलं, पूर्ण्यातला रेल्वेचा एक रिटायर पॉइंट्समन आपली बांबूची काठी विकतोय. बारा फुटी, तेल पिऊन चकाकणारी, अंगाला तारेच्या बारीक कड्या. गोदावरीला जायचं, मासा धरायचा, त्याची माफी मागून सोडून द्यायचा, एवढाच माझा बेत होता.

गळ आणि दोरा खिशात घातला आणि काठी घेऊन पालमच्या एसटीत बसलो. (कंडक्टर म्हणाला, "सर, तुमचं हाफ, हिचं फुल.") काठीचा शेंडा जिथं पोचला, नेमकी तिथंच माझी मेव्हणी शोभा बसलेली.

"दाजी, ही कशाची काठी हो?"

पाडवा चार दिवसांवर होता. तोंडातून निघून गेलं, "गुढीची."

शोभानं बसमधूनच बहिणीला फोन लावला. मी घरी पोचलो तर बायको मंगल हळदकुंकू घेऊन दारात उभी!

"लय सरळ हाय हो. आन ह्या कड्या कामून?"

"हार अडकवायला."

"बगा, लग्नापासून पहिल्यांदा डोकं लावून काहीतरी आणलंत," ती म्हणाली. खरं सांगतो, मला लाज वाटली. पण इतकं कौतुक पुन्हा कधी होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून गप्प राहिलो. कौतुकाच्या भरात तिनं पाडव्याला आप्पांना जेवायला बोलावलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय पंच्याऐंशी, पूजेशिवाय पाणी घेत नाहीत. जावई गळ टाकतो हे त्यांना कळलं असतं, तर काठी गेलीच असती, पण माझं त्या घरचं ताटही गेलं असतं.

पाडव्याच्या सकाळी मंगलनं काठी कडकडीत पाण्यानं घासली आणि तिथंच घात झाला. पॉइंट्समननं वीस वर्षं त्या बांबूला माशाचे हात लावले होते. सुकलेला वास ऊन पाण्यानं जागा झाला. जरीची साडी, लिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर तांब्या, अशी गुढी उभी राहिली आणि दहा मिनिटांत खाली पाच मांजरं येऊन बसली. सगळ्यांच्या माना वर.

"ही मांजरं कामून जमायलीत?"

"गाठी बघायलीत."

"मांजर साखर खात न्हाई."

"सणाला खात असंल."

तेवढ्यात शेंडा लवायला लागला. गळाची काठी ती, वजन आलं की वाकणारच. तांब्या हळूहळू खाली येऊ लागला आणि आमची गुढी शेजारच्या घराला नमस्कार करू लागली. एका बोक्यानं उडी मारून साडीचा पदर धरला. वर काठी झटके खातेय, खाली बोका लोंबकळतोय, मंगल ओरडतेय, मी काठीच्या बुडाला मिठी मारून उभा. अशा वेळी आप्पा आले.

त्यांनी बोक्याला हुसकलं, काठी माझ्या हातातून घेतली, कड्यांवरून अंगठा फिरवला आणि बांबू एकदा नाकाशी नेला.

"मंगल, पाणी आण," आप्पा म्हणाले. ती आत गेल्यावर हळूच विचारलं, "जावई, गळ कुठं हाय?"

"आप्पा, तुम्हाला..."

"बारका असताना लय धरलेत. सोडून देत होतो. हिला सांगू नका."

मंगल आली तेव्हा आप्पा मोठ्यानं सांगत होते, "गुढीला लागलेली काठी हाय, कुठंबी टाकायची न्हाई. मी नेतो. देवाजवळ ठेवतो."

आता दर रविवारी आम्ही दोघं गोदावरीला जातो. काठी आप्पांच्या हातात असते. मला त्यांनी अजून एकदाही ती धरू दिलेली नाही. किडे आप्पांना चालत नाहीत, म्हणून गळाला कणकेच्या गोळ्या लावतो. कणीक मंगलच मळून देते आणि गल्लीभर सांगते, "आप्पा आन हे माशांना खाऊ घालायला जायलेत."

सुरुवातीला हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण दोन महिन्यांत एक मासा लागेल तर शपथ. मासे गोळ्या खाऊन जातात आणि गळ चाटूनपुसून परत देतात. म्हणजे मंगल खोटं काही बोलत नाही. परवा तर आप्पा म्हणाले, "जावई, कणकीत जरा तूप घाला."

घालतो आता.