टेबलावर पसरलेले मजले

…तर काल उतारापर्यंत आलो होतो आपण. घरांचे नकाशे काढणारा हा गडी, लहानपणी दिसेल त्या भिंतीवर रेघा मारायचा म्हणून सगळ्यांचा रेघोट्या. त्यानं स्वतःचं घर बांधायला घेतलं ते अशा उतारावर, की वरून लिंबू सोडलं तर थेट ओढ्यात. रस्ता वरच्या अंगाला, म्हणून दार, स्वयंपाकघर आणि त्याची कामाची खोली वर. निजायच्या खोल्या मधे. तळाला बागेलगत एकच खोली.

पुठ्ठ्याचं छोटं घर करून त्यानं आईपुढे ठेवलं. आतलं दिसावं म्हणून जेवणाच्या डब्याचे पुडे काढावेत तसे मजले सुटे केले आणि टेबलावर शेजारीशेजारी मांडले; तळाचा नेमका वरच्याला लागून आला.

"आई, तुला कुठली खोली?"

"ही," तिनं तळाच्या खोलीवर बोट ठेवलं. "स्वयंपाकघराला लागून आहे, बरं पडेल."

रेघोट्या आपल्याच कौतुकात बुडालेला. 'ही' तेवढं ऐकलं, पुढचं वाऱ्यावर गेलं.

घर उभं राहिलं. आईचे गुडघे जिन्यापाशीच संप करायचे. सून तिचा चहा खाली पाठवी, मग जेवणही जाऊ लागलं. आईची तक्रार नाही. रेघोट्याला वाटे, बागेत रमली.

एकदा कचेरीतली मंडळी घर बघायला आली. यानं तळाची खोली ऐटीत उघडली. आई खाटेवर एकटी, मांडीवर ताट. वर थांबलेल्या पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज जिन्यावरून खाली येत होता.

"आजी, वर नाही जेवत?" एकानं विचारलं.

"टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या घरात स्वयंपाकघर शेजारीच होतं हो," आई भाबडेपणानं म्हणाली. "बांधताना याला ते वर न्यावं लागलं असेल."

मंडळी खो खो हसली. आईचा टोमणा नव्हताच, म्हणून तर रेघोट्याची कानशिलं जास्त तापली. 'लागून आहे' हे शब्द आत्ता कुठे त्याच्या कानात शिरले. पाहुणे जाईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

सकाळी त्यानं आपलं नकाशांचं टेबल खाली उतरवलं आणि आईची खाट वर, स्वयंपाकघराशेजारी नेली. आई जिन्यात टेकत टेकत आली. दारात उभी राहून म्हणाली, "अरे, ही तुझ्या उजेडाची खोली. तू कुठं बसणार?"

तो खाटेची चादर ओढत राहिला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "खाली. आणि माझा चहा खाली पाठवू नका. हाक मारा, मी चढून येईन."