जायफळाचे वेढे

बावीस वर्षं मी लाल बसमध्ये कंडक्टर होते, अकोला ते अमरावती. गाडीत रडणारं लेकरू मला कधी जड झालं नाही. कोणी कुरकुर केली की मी तिकिटं फाडायची थांबवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. ‘तुमी काय आईच्या पोटातून पँट-शर्ट घालून आलते का?’ असं विचारलं की अख्खी गाडी हसायची आणि तो माणूस खिडकीबाहेर बघत बसायचा. लेकुरवाळीला मी कायम पुढची सीट दिली, तिथे धक्के कमी लागतात म्हणून. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर ते कोणाला खरं वाटणार नाही.

मुलगा आखातात नोकरीला आहे. गेल्या वर्षी तो आणि सून सात महिन्यांच्या नातवाला घेऊन पहिल्यांदा घरी आले. कंपनीने विमानातली पुढची तिकिटं दिली होती, पाय लांब करून झोपता येतं तिथली. उतरताना कान दुखले असतील, नातू रडला. पलीकडच्या एका माणसाने हवाईसुंदरीला बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं, की आम्ही एवढे पैसे झोपेसाठी भरतो, लहान मुलांना इथे आणायचंच कशाला? मुलगा अकोल्याच्या घरी हे सांगत होता आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, तू काहून ऐकून घेतलं रे? तुझी सीट काय फुकटची होती? तर तोच त्या माणसाची बाजू घ्यायला लागला. म्हणे तिथे लोक शांततेसाठीच बसतात, त्याचंही काही चुकलं नाही. मी दिवसभर त्याच्याशी धड बोलले नाही.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि खरं काय ते बोलला. परत जाताना त्याचा मोठा साहेबही त्याच विमानात असणार होता, पुढेच. बढती होती त्याच साहेबाच्या हातात. आणि मीही सोबत जाणार होते, कारण सून कामावर रुजू होणार होती आणि नातवाला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं.

‘आई, तो रडला नाई पाह्यजे. एवढं पाह्यजो.’

लहानपणी वर्गात मार खाऊन आला की अशाच आवाजात बोलायचा. मी हो म्हटलं.

सून शेवटचे आठ दिवस अमरावतीला माहेरी होती. जायच्या दिवशी सकाळी तिला आणि नातवाला तिथून गाडीत घेतलं आणि नागपूरच्या वाटेवर तिवस्याला चहाला थांबलो. सून हातपाय धुवायला गेली. माझ्या पिशवीत स्टीलच्या डब्यात सहाण होती, गुटीचं सगळं सामान होतं. अकोल्याला असताना मी रोज गुटी द्यायची, त्यात जायफळाचे दोन वेढे, झोप चांगली लागावी म्हणून. सुनेला ते माहीत होतं. त्या दिवशी मी वेढे मोजले नाहीत. उकळलेल्या पाण्याचे थेंब टाकले आणि उगाळत राहिले, पार दाट होईपर्यंत. नातवाने तोंड वाकडं केलं, मग माझं बोट धरून सगळं चाटून घेतलं.

माझी आई सांगायची, पूर्वी कापूस वेचायला जाणाऱ्या काही बाया लेकराला अफू चाटवून बांधावर निजवायच्या. मला त्या बायांचा संताप यायचा. त्यांचा तर रोज बुडाला की चूल पेटायची नाही. मला कसली घाई होती?

विमानतळावर मुलगा म्हणाला, मी याचं डायपर बदलून आणतो. एरवी त्याने त्या कामाला कधी हात लावला नव्हता. परत आला तेव्हा नातवाच्या ओठांना संत्र्याच्या गोळीचा वास येत होता. तो वास मी ओळखला. सर्दीचं औषध, ज्याने पोरं गुंगतात. मी मुलाकडे पाहिलं, तर तो बॅगेच्या बाजूच्या खिशाची चेन लावत होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याला विचारलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं, आणि सून शेजारीच बसली होती. मनाला म्हटलं, चार तास झोपेल, बस्स.

विमानात बसलो. सीट कसली, आमच्या घरच्या दिवाणाएवढी. नातू सुनेच्या मांडीवर गाढ. विमान वर चढलं, पट्टे सुटले, जेवणाची ताटं आली, तो हलला नाही. पलीकडून साहेब वाकून हिंदीत म्हणाले, किती गुणी मूल आहे, मुलं अशीच असावीत. मुलाचा चेहरा असा फुलला, की मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला अभिमान वाटला.

मग सुनेने त्याला अंगावर घ्यायला उठवलं. तो ओढेना. तिने गालाला टिचकी मारली, तळपाय चोळले, ओला रुमाल तोंडावरून फिरवला. मान नुसती कलंडत होती.

‘अहो, हा उठून नाई राहिला.’

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, म्हणून जास्त भीती वाटली. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. एक श्वास यायचा आणि दुसरा येईल की नाही असं वाटेपर्यंत थांबायचा. डॉक्टर आहे का म्हणून घोषणा झाली आणि अगदी मागच्या स्वस्त सीटवरून एक तरुण डॉक्टरीण धावत आली. तिने नातवाला दाराजवळच्या मोकळ्या जागेत आडवं केलं, ऑक्सिजन लावला आणि विचारलं, याला काय काय दिलंय?

मी जायफळाचं सांगितलं. किती, तर मोजलं नाही म्हणाले. सुनेने माझ्याकडे पाहिलं.

आणखी काही, डॉक्टरणीने विचारलं. मी मुलाकडे बघत राहिले. साहेब उठून उभे होते. मुलाचा हात बॅगेच्या त्या खिशावर तसाच होता. दोन-तीन श्वास गेले असतील, नातवाचे. मी त्याचा हात बाजूला केला आणि चेन उघडून बाटली डॉक्टरणीला दिली.

‘हे बी मीच पाजलं,’ मी म्हणाले.

बाटली नवी होती, किती कमी झालं ते दिसत होतं. डॉक्टरणीने तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि विमान उतरेपर्यंत ती त्याच्या नाकाशी कान लावून गुडघ्यांवर बसून राहिली. साहेबाने आपली उशी आणून दिली. त्या अख्ख्या भागात कोणी बोलत नव्हतं. अशी शांतता मला जन्मात पुन्हा नको.

नातू वाचला. दवाखान्यात तीन दिवस लागले. मुलाच्या तिकडच्या घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा खणखणीत रडला, पोटातून, भुकेने. मी हातातलं लाटणं टाकून धावले. सून पाळण्याआड उभी राहिली.

‘आई, तुमी त्याले हात नका लावू. आता कधीच नाई.’

मुलगा दाराशी बूट घालत होता. त्याने ऐकलं. मी वाट पाहिली. एका वाक्याचं काम होतं, बायकोसमोर, चार भिंतींच्या आत. त्याने दुसऱ्या बुटाची लेस बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

‘आई, तुझं परतीचं तिकीट पाहून राहिलो,’ तो म्हणाला. ‘पुढचंच काढतो.’

मी म्हटलं, मागचं काढ.

परतीच्या विमानात मागे माझ्या शेजारी एक बाई होती, मांडीवर वर्षाचं पोरगं. विमान सुटल्यापासून ते रडत होतं. ती बिचारी आजूबाजूच्या सगळ्यांची माफी मागत होती. मी म्हटलं, रडू दे बाई, रडू दे त्याले. तिला फार बरं वाटलं. थोड्या वेळाने तिला बाथरूमला जायचं होतं. तिने पोरगं उचलून माझ्यापुढे धरलं, दोन मिनिटं घेता का म्हणाली. ते रडायचं थांबून माझ्याकडे बघत होतं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मान हलवून नाही म्हणाले.